तुम्ही धरून आपण

सिंधूताईंचं इंग्रजीशी पहिल्याच दिवशी बिनसलं. कारण काय, तर नवऱ्याला ‘ही’ म्हणायचं. ‘ही’ म्हणजे तो. तो आला, तो जेवला, तो झोपला. आता ज्या बाईनं लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही, ‘दीक्षाचे बाबा’ याच्यापलीकडे जी कधी गेली नाही, तिनं साठीला टेकल्यावर त्यांना तो म्हणायचं? आणि हे शिकवायला बसले होते कोण, तर खुद्द दीक्षाचे बाबाच.

बळीराम मेश्राम कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी कंट्रोल रूममध्ये बसून इंग्रजीतून रिपोर्ट लिहिले, त्यामुळे इंग्रजी आपल्या घरचीच आहे असा त्यांचा समज होता. कॉलनीतलं क्वार्टर सोडून नागपुरात मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यांना शिकवायला कोणी सापडत नव्हतं. आता घरातच विद्यार्थी मिळाला. नाश्ता झाला की बाल्कनीतल्या उन्हात खुर्च्या मांडायच्या, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात शब्द काढायचे आणि पट्टीनं दाखवायचे. पुरुषाला ‘ही’, बाईला ‘शी’. शी ऐकल्यावर सिंधूताईंनी असं नाक मुरडलं, की बळीरामजींनी पट्टी खाली ठेवली.

हौस म्हणून या वयात कोणी असल्या भानगडीत पडत नाही. सिंधूताईंना हे करणं भाग होतं, आणि चूक त्यांच्याच हातून झाली होती.

दीक्षा त्यांची एकुलती एक लेक. बंगळुरात नोकरीला, तिथंच तिचं अरुलशी जमलं. मुलगा तमिळ, मदुराईकडचा. शांत, कामसू, आणि पानात वाढलेलं काही टाकत नाही, एवढ्यावर सिंधूताईंनी त्याला पास करून टाकलं. वडील काही वर्षांपूर्वी गेलेले. आई सेल्वीअम्मा बालवाडीत शिकवणाऱ्या. त्यांना ना मराठी येत ना हिंदी, आणि इंग्रजी होती ती बालवाडीपुरती. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. दोघी विहिणी एकमेकींकडे बघून हसायच्या, गुड मॉर्निंग म्हणायच्या, आज काय रांधलं ते मोबाइलपुढं धरून दाखवायच्या. बाकीचं पोरं सांगायची. लग्न नागपुरात करायचं, बौद्ध पद्धतीनं करायचं, हिवाळ्यात करायचं, हे सगळं असंच हसतखेळत ठरलं.

मग साडी आली मध्ये. सिंधूताईंच्या समाजात लग्नाचा मानाचा रंग पांढरा. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यात, दोघांच्या आया, मावश्या, आत्या सगळ्या शुभ्र. त्यांचं स्वतःचं लग्न असंच झालं, आईचंही असंच झालेलं. तेव्हा विहिणीला मानाची साडी द्यायची म्हटल्यावर रंग कोणता, हा प्रश्न त्यांच्या मनात उगवलाच नाही. गांधीबागेच्या बाजारात जाऊन त्यांनी दुकानदाराला पार घाम फोडला. अख्खं कपाट खाली उतरवून शेवटी एक पांढरी रेशमी साडी निवडली, निळ्या काठाची. स्वतःसाठी घेतली त्याहून सरस. अरुल भेटायला आला तेव्हा छान खोक्यात घालून त्याच्याबरोबर पाठवली, आणि विहीणबाई खूश होतील म्हणून दोन दिवस आपणच खूश होत बसल्या.

पुढच्या रविवारी सेल्वीअम्मा कॉलवर आल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणे. त्याच्या पुढच्या रविवारीही डोकंच दुखत होतं. मग दीक्षाचा फोन आला. अरुलच्या आई लग्नाला येणार होत्या, पण स्टेजवर बसणार नव्हत्या. त्यांच्या जागी अरुलचे मामा-मामी बसतील. त्या मागं बसतील, तुम्ही पाठवलेली साडी नेसून.

का, ते दीक्षानं अडखळत सांगितलं. तिकडे त्यांच्या घरात नवरा गेलेल्या बाईला पांढरी नेसवतात. अरुलचे वडील गेले तेव्हा थोरल्या मंडळींनी सेल्वीअम्मांना पांढरी नेसवली होती. अरुलनं भांडून, रुसून, शेवटी जेवण सोडून आईला पुन्हा रंगीत नेसायला लावलं होतं. आणि अशात सुनेच्या आईकडून खोकं आलं, सगळ्या जावांच्या देखत उघडलं, तर आत पांढरी. सगळ्या नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. सेल्वीअम्मांनी साडी घडी करून ठेवली आणि लेकाला म्हणाल्या, माणसं चांगली आहेत रे, मी कुठं बसायचं ते त्यांनी नीट रीतीनं सांगितलं.

सिंधूताई पलंगावर बसल्या. आपण एखाद्या बाईला असं काही सांगू, हे त्यांना स्वप्नातही सुचलं नसतं. कितीतरी वेळ त्या एकच वाक्य घोकत राहिल्या, की मी तिले माह्याहून चांगली देल्ली, माह्याहून चांगली.

दीक्षानं आधीच अरुलकरवी सगळं समजावून सांगितलं होतं. त्यावर उत्तर आलं होतं, नो प्रॉब्लेम, सारी व्हेरी नाइस. हे ‘नाइस’ सिंधूताईंना चांगलं ठाऊक होतं. नणंदेनं काही लावून बोललं की त्या स्वतःही असंच, छान आहे, म्हणायच्या आणि स्वयंपाकघरात निघून जायच्या. दीक्षा म्हणाली, आपण चौघं कॉलवर बसू, तू मराठीत बोल, अरुल सांगेल. तेवढं मात्र सिंधूताईंनी साफ झिडकारलं.

“साडी मी देल्ली अन् माफी पोरानं मांगायची काय वं?” त्या म्हणाल्या. “पोरगा मधात उभा असला की माय पोराच्या तोंडाकडं पाहूनच हो म्हनते. ते हो मले नाही पायजे.”

म्हणून बाल्कनीतलं ते उन्हातलं कॅलेंडर.

आता शिकवणीचं सांगायचं तर बळीरामजींच्या नाकी नऊ आले. ‘ही’ काही सिंधूताईंच्या तोंडात बसेना. शेवटी त्यांनी स्वतःच त्यातून वाट काढली. ‘दे’ म्हणजे ते ना? मग नवऱ्याला ‘दे’ म्हणायचं. दे कमिंग. दे ईटिंग. बळीरामजी कळवळून म्हणाले, की अवं, ‘दे’ म्हणजे पुष्कळ लोक, मी तं एकटाच हाओ. त्यावर सिंधूताई म्हणाल्या, की एकटे असान, पन मान हाये ना जी तुमाले. बळीरामजींनी चष्मा काढला, तो स्वच्छच होता तरी पुसला आणि पुढचा शब्द घेतला.

‘यू’ मात्र त्यांना एकदम पटला. विहारातल्या भंतेजींनाही यू, दूधवाल्या पोरालाही यू, विहिणीलाही यू. ही इंग्रजी अगदीच आगाऊ नाही, असं त्यांचं मत झालं. पण लगेच ‘वुई’ आला आणि गाडी पुन्हा अडली. वुई म्हणजे आम्ही, असं बळीरामजींनी सांगितलं. मग आपण म्हणजे काय, त्यांनी विचारलं. आपणही वुईच.

“आमी अन् आपन एकच?” सिंधूताईंचा विश्वासच बसेना. “मंग मी वुई म्हनलं तं इहीनबाई त्याच्या आत हायेत का भाईर, हे त्याइले कसं समजन?”

“संदर्भानं समजते,” बळीरामजी म्हणाले.

“संदर्भानं समजलं असतं तं साडी नसती समजली काय?”

 बळीरामजींनी कॅलेंडर गुंडाळलं आणि आजच्यापुरतं पुरे म्हणाले. सिंधूताई मात्र तो शब्द डोक्यात घेऊन दिवसभर हिंडल्या. भाजी निवडताना, धुणं वाळत घालताना, खालच्या दुकानातून दही आणताना. ज्या भाषेत आपण हा शब्दच नाही, त्या भाषेत कोणाला जवळ बोलवायचं तरी कसं, याचा त्यांना मनापासून राग येत होता.

तयारी काही पुरी झाली नव्हती, पण लग्न जवळ आलं. एका रविवारी विहारातून वंदना आटोपून आल्यावर त्यांनी बळीरामजींना मटार सोलायला स्वयंपाकघरात बसवलं आणि आतून कडी लावायला सांगितलं. बळीरामजींनी एक कागद लिहून दिला होता. त्यात झालेल्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करणारं एक भलं मोठं इंग्रजी वाक्य होतं, वीज केंद्रातून वरच्या ऑफिसला पाठवतात तसलं. सिंधूताईंनी ते एकदा वाचायचा प्रयत्न केला आणि कागद उशीखाली ठेवून दिला. मग पदर सारखा करून फोन लावला.

सेल्वीअम्मा पडद्यावर आल्या. फिकट साडी, कपाळ मोकळं, चेहऱ्यावर परक्या माणसासाठी ठेवतात तसलं हसू. सिंधूताई चिकाटीनं सुरू झाल्या.

“टुडे नो दीक्षा, नो अरुल. ओन्ली यू, आय.”

आत स्वयंपाकघरात बळीरामजींनी डोळे मिटून घेतले असणार. सिंधूताईंनी भिंतीवरचा लग्नाचा फोटो काढून आणला होता, तो मोबाइलपुढं धरला आणि बोटानं दाखवू लागल्या. धिस आय. माय मॅरेज. व्हाइट. माय मदर, व्हाइट. मग फोटोतली सासू आली आणि त्या अडल्या, कारण सासूला काय म्हणतात ते कॅलेंडरवर नव्हतं. हजबंड मदर, असं जुळवून त्यांनी पुढं रेटलं, आणि शी काही म्हणवेना म्हणून तिथंही ‘दे’ घातलं. दे आल्सो व्हाइट. मग नवरदेवावर बोट ठेवलं. माय हजबंड. दे व्हाइट. दे व्हेरी थिन.

सेल्वीअम्मा फोटोकडे बघत होत्या. “नाऊ?” त्यांनी विचारलं.

“नाऊ दे फॅट. दे इन किचन. दे डुइंग मटर.”

सेल्वीअम्मा हसल्या, आणि या वेळचं हसू रविवारचं जुनं हसू होतं. मग त्या हळूच म्हणाल्या, “माय हजबंड, दे लाइक ब्लू. ऑल्वेज ब्लू.”

सिंधूताईंनी कान टवकारले. नवरा एकच होता, तरी त्याही ‘दे’ म्हणाल्या. बालवाडीतल्या पोरांना रोज ही आणि शी घोकवणारी बाई, पण स्वतःच्या नवऱ्याला तो म्हणायची वेळ आली तेव्हा तिचीही जीभ वळली नाही. सिंधूताईंना इतकं बरं वाटलं, की उठून बळीरामजींना सांगून यावं असं वाटलं. पण त्या तिथंच थांबल्या आणि कपाटातल्या दोन साड्या काढल्या. एक दीक्षाची, लग्नातली. एक स्वतःची. दोन्ही पांढऱ्या. पलंगावर शेजारी शेजारी पसरून त्यांनी फोन वरून फिरवला.

दीक्षा सारी, आय सारी, यू सारी, सेम, असं त्या म्हणाल्या. मग विचार करून म्हणाल्या, नो सेम. यू नंबर वन. आय नंबर टू. बालवाडीतल्या बाईंना एवढं तर समजणारच होतं.

सेल्वीअम्मांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. “आय थॉट...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

“आय सॉरी,” सिंधूताई म्हणाल्या. “आय नॉट नो. स्टेज, वुई सिट.”

“यस, यस. यू सिट. यू अँड हजबंड. आय बिहाइंड. नो प्रॉब्लेम.”

हेच ते. ज्याची भीती होती तेच झालं, वुईमध्ये विहीणबाई बाहेर राहिल्या. सिंधूताईंनी मान हलवली. आपल्या छातीवर हात ठेवला, मग तोच हात पडद्यावर ठेवला, मग हवेत एक मोठं गोल काढलं, दोघींना घेऊन.

“वुई. यू आल्सो,” त्या म्हणाल्या. “वुई, यू आल्सो. यू नॉट सिट, आय नॉट सिट.”

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. सेल्वीअम्मा त्या दिशेला बघून उठल्या, ओके, बाय, म्हणाल्या आणि फोन बंद झाला. हो म्हणाल्या नाहीत, की नाही म्हणाल्या नाहीत. बळीरामजी मटाराचं ताट घेऊन बाहेर आले, त्यांनी बायकोचं तोंड पाहिलं आणि मी फॅट हाओ काय, एवढंच विचारलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मदुराईची मंडळी आली. सेल्वीअम्मांनी सिंधूताईंना मिठी मारली, डब्यातून आणलेले मुरुक्कू, म्हणजे तिकडच्या चकल्या, दिले, दीक्षाच्या गालावरून हात फिरवला. सगळं होतं, फक्त स्टेजचा विषय निघाला नाही. सिंधूताईंनीही काढला नाही. आपलं सांगून झालं होतं.

सकाळी हॉल पांढऱ्याशुभ्र माणसांनी भरला. दीक्षा आणि अरुल बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर बसले. स्टेजवर बळीरामजी होते, सिंधूताई होत्या, आणि मधोमध मोठ्या खुर्चीत रंभाबाई होत्या, बळीरामजींच्या आई, ज्यांना कळमेश्वरहून धाकट्या लेकानं पहाटेच आणून सोडलं होतं. सेल्वीअम्मा आल्या त्या तीच साडी नेसून, वर निळं ब्लाऊज. आल्या आणि सरळ मागच्या रांगेत जाऊन बसल्या.

बौद्धाचार्यांनी माइकवरून मुलाच्या पालकांना वर बोलावलं. मामा-मामी उठून उभे राहिले. सिंधूताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं मान डोलावली, आणि त्या खुर्चीवरून उठून पायऱ्या उतरल्या. सगळ्या हॉलच्या मधून चालत गेल्या आणि मागच्या रांगेत सेल्वीअम्मांच्या शेजारी बसल्या. कुजबुज सुरू झाली. नवरीची माय रुसली काय, असं कोणीतरी विचारलंच. बौद्धाचार्य माइक हातात धरून थांबले.

“गो, गो,” सेल्वीअम्मा घाबरून म्हणाल्या.

“यू नॉट, आय नॉट.”

सेल्वीअम्मांनी आजूबाजूला पाहिलं. रांगाच्या रांगा पांढऱ्या साड्या. म्हाताऱ्या, तरण्या, लेकुरवाळ्या. कोणाचा नवरा आहे आणि कोणाचा नाही, हे बघून सांगायची सोयच नव्हती. त्यांची नजर स्टेजवरच्या मोठ्या खुर्चीवर गेली आणि त्यांनी विचारलं, हू?

“हजबंड मदर,” सिंधूताई म्हणाल्या. “हजबंड मदर हजबंड, नो. लाँग टाइम.”

त्याच वेळी रंभाबाईंचा धीर सुटला. त्यांना ना साडीचं ठाऊक ना इंग्रजीचं, सून आणि विहीण खाली बसून राहिल्या एवढं दिसत होतं. “अवं काहून बसून राहिल्या तिथं?” त्यांनी माइकशिवाय अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, आणि शेजारच्या खुर्चीवर हातानं दोनदा थापटलं. “या वं इकडं.”

सेल्वीअम्मांना त्यातला एक शब्द समजला नसेल. पण त्या उठल्या. सिंधूताईंचा हात त्यांनी असा धरला होता, की बांगड्या रुतत होत्या. दोघी पायऱ्या चढल्या, मामा-मामी आपणहून मागं सरले, आणि सेल्वीअम्मा रंभाबाईंच्या शेजारी बसल्या. अरुलनं मान खाली घातली होती, त्याला वर बघवत नव्हतं. बौद्धाचार्यांनी घसा साफ करून त्रिशरण सुरू केलं.

सगळं पार पडलं, हार घातले गेले, टाळ्या झाल्या. मग फोटोवाला आला. घाईत होता बिचारा, आणि समोर सगळीच पांढरी माणसं बघून गोंधळला होता. मुलाकडचे या बाजूला, मुलीकडचे त्या बाजूला, असं तो हातानं दाखवू लागला. लोक हलले. सिंधूताईही सवयीनं मुलीकडच्या बाजूला निघाल्या, पण हात सुटेना.

“नो,” सेल्वीअम्मा फोटोवाल्याला म्हणाल्या, बालवाडीतल्या पोराला सांगावं तशा सावकाश. मग सिंधूताईंकडे वळल्या. “वुई,” त्या म्हणाल्या. “यू आल्सो.”

सिंधूताईंच्या डोळ्यांना धार लागली आणि त्यांनी ती पुसली नाही. बळीरामजींनी काहीतरी सुधारून सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्यांनी ते तसंच मिटलं, आणि दोघींच्या मागं येऊन फोटोत उभे राहिले.